एकतीस की तीन

१

सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला रेणू आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. खोक्यात कॉफीचा मग, एक बारकं कॅक्टस आणि घडी घातलेला पांढरा कोट.

"काकू, मला घरी पाठवलं," ती म्हणाली. "मी आकडा बनवला म्हणून राहिले सगळे."

रेणू बोरीकर मूळची नागपूरची. अमेरिकेत, कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला आली तेव्हा पहिले चार महिने आमच्या वरच्या खोलीत राहत होती. पाणी तपासणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये ती केमिस्ट आहे. लॅबचं नाव क्रीकसाइड. अठरा वर्षांपूर्वी हेमचंद्र देवस्थळी यांनी ती सुरू केली. देवस्थळींना आमच्या गावातलं मराठी घर न् घर ओळखतं.

"बस आधी," माझी बायको म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांग. मधलं काही गाळू नकोस."

सुहासिनी इथल्या एका औषध कंपनीत तीस वर्षं होती. दुसऱ्यांनी पाठवलेला डेटा खरा आहे की नाही, एवढंच तपासायचं तिचं काम. रिटायर झाली, पण सवय सुटली नाही. माझ्या ब्लडप्रेशरच्या वहीत मी दोन नोंदी अंदाजाने लिहिल्या होत्या. त्या दोनच तिने बरोब्बर हुडकून काढल्या होत्या.

रेणूने सांगितलं ते असं. गावात लता कोरडे यांचं पाळणाघर आहे. तिथल्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी दरवर्षीप्रमाणे तपासायला आलं. पाण्यात शिसं किती, ते बघायचं. पंधराच्या वर आकडा गेला की पाणी मुलांना देऊ नये, आणि पत्राची वाट न बघता गिऱ्हाइकाला लगेच फोन करायचा, असा लॅबचा नियम. गुरुवारी यंत्राने पाणी तपासलं. शुक्रवारी सकाळी रेणूने स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने, म्हणजे स्क्रिप्टने, आठवड्याचे सगळे आकडे वाचले. पाळणाघराचा आकडा होता एकतीस. तिने तडक लतामावशींना फोन केला.

"आणि आज सकाळी लॅबचं ऑफिशियल पत्र गेलं. त्यात लिहिलंय तीन."

"तू चुकून दुसऱ्याचा आकडा वाचला असशील," मी म्हणालो.

"काका, तेच तर! आज मीटिंगमध्ये सरांनी सगळ्यांसमोर तीच फाइल उघडली. स्क्रीनवर तीन. मग मी माझ्या लॅपटॉपवर तीच फाइल, अगदी तीच, वाचून दाखवली. एकतीस! सर म्हणाले, फाइल खोटं बोलत नाही, म्हणजे तुझी स्क्रिप्ट बोलते." तिचा आवाज चिरकला. "नोकरी गेली तर व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. पण ते जाऊ द्या. मावशींकडे चोवीस पोरं आहेत."

सुहासिनीने चहाचा कप तिच्यासमोर सरकवला.

"फाइल एकच. वाचणारे दोन. उत्तरं दोन," ती म्हणाली. "म्हणजे खोटं कुणीच बोलत नसेल. ती फाइल मला बघायला हवी."

"माझा अ‍ॅक्सेस बंद केला."

"तुझा केला. लताचा नाही ना?"

२

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं लताकडे गेलो. साठच्या दशकातलं जुनं बैठं घर, मागे मोठं अंगण, अंगणात पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट रचलेले. स्वयंपाकघरातल्या नळावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून वर रबरबँड लावला होता.

"रेणूचा फोन आल्यापासून बंद आहे," लता म्हणाली. साठीची बाई, पदर नाही पण पदर खोचल्यासारखीच सदा कामात. "काल पत्र आलं, पाणी ठीक आहे म्हणून. मग उघडू का आता? आईबाप विचारतायत."

"अजिबात नको," सुहासिनी म्हणाली. "आधी मला सांग, तुझ्या तपासणीची मूळ फाइल मागायचा तुला हक्क आहे ना?"

"मागितली की मी. कालच. इशिताने पाठवलीसुद्धा."

इशिता सामंत लॅबची गिऱ्हाइकं सांभाळते, पण राहते नेपरव्हिलला आणि घरूनच काम करते. तिने पाठवलेली झिप फाइल लताच्या कॉम्प्युटरवर होती. एका तपासणीचे सगळे कागद एकत्र बांधून ठेवलेलं पाकीट म्हणजे ती झिप. लताने ते काल उघडलं होतं आणि आत चार कागद होते: यंत्राने दिलेला आकड्यांचा तक्ता, तो पूर्ण असल्याचा शेरा, देवस्थळींचं सहीपत्र आणि इशिताने तयार केलेलं पत्र. तक्त्यात आकडा होता तीन.

"उघडताना काही अडचण आली?" सुहासिनीने विचारलं.

"छे. मधेच काहीतरी विचारलं त्याने. मी 'येस' केलं."

"काय विचारलं?"

"कोण वाचतं गं ते! दर वेळी काहीतरी विचारतंच. येस म्हटलं की गप्प बसतं."

सुहासिनी माझ्याकडे बघून हसली. मला त्या हसण्याची ओळख आहे. ते दिसलं की जेवण उशिरा होतं.

"लता, लॅबकडून आणखी काही आलं होतं? पत्र सोडून?"

"ती आपोआप येणारी मेलं येतात. 'तुमच्या पाकिटात भर पडली आहे.' मी वाचत नाही, पण पुसतही नाही."

लताने ती मेलं काढून दाखवली. सुहासिनीने मोजली. मग पुन्हा मोजली.

"चार कागद," ती म्हणाली, "आणि भर पडली पाच वेळा."

मी तोवर सिंकखाली वाकून बघत होतो. अठ्ठावीस वर्षं शहराच्या पाणी खात्यात काढली, सिंक दिसलं की वाकतोच. भिंतीतून येणारा पाइप जुना होता, काळपट. त्याला पुढे जोडलेला हातभर तुकडा मात्र कोरा, चकचकीत.

"हे कधी केलं?"

"ऑगस्टमध्ये. जोडातून थेंब थेंब गळत होतं. का हो, काही बिघडलंय का?"

"बघू," मी म्हणालो. पण मनात रेणूच्या एकतीसचं वजन एकदम वाढलं.

३

दुपारी जेवणाच्या टेबलावर सुहासिनीने लॅपटॉप मांडला. रेणू तिच्या शेजारी बसली. लताने पाठवलेली झिप आता आमच्याकडे होती.

"डबल क्लिक करून उघडायची नाही," सुहासिनी म्हणाली. "उघडली की ती तिला हवं ते दाखवते. आपण फक्त तिची यादी वाचू."

तिने पायथन नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत जेमतेम सहा ओळी लिहिल्या. झिप उघड, आतली प्रत्येक नोंद क्रमाने घे, तिचं नाव आणि वेळ छाप. बस. एंटर दाबलं आणि पडद्यावर पाच ओळी उमटल्या.

रेणू खुर्चीतून अर्धी उठली. "हे... हे दोनदा आहे!"

पहिली ओळ आणि तिसरी ओळ. दोन्हींचं नाव एकच, अक्षर न् अक्षर तेच: यंत्राचा तक्ता. सुहासिनीने दोन्ही वेगवेगळे वाचून काढले. पहिल्यात एकतीस. तिसऱ्यात तीन.

"मला समजेल असं सांग," मी म्हणालो.

"झिप म्हणजे एक जाडजूड पुस्तक समजा. अनुक्रमणिका शेवटी असते. नवा कागद आला की तो मागे चिकटतो आणि अनुक्रमणिका नव्याने लिहिली जाते. आता त्याच नावाचा दुसरा कागद कुणी चिकटवला, तर आधीचा कागद जात नाही. दोन्ही राहतात. अनुक्रमणिकेत एकाच नावाच्या दोन ओळी होतात."

"मग वाचणाऱ्याला कुठला मिळतो?"

"तो कसा वाचतो त्यावर आहे. रेणू, तुझी स्क्रिप्ट काय करते?"

"पहिल्या नोंदीपासून सुरुवात करते. तक्ता दिसला की वाचते आणि तिथेच थांबते."

"म्हणून तुला पहिला मिळाला. लॅबचा रिपोर्ट प्रोग्रॅम नाव सांगून मागत असणार: 'यंत्राचा तक्ता दे.' पायथनमध्ये नाव सांगून मागितलं की एकाच नावाच्या दोघांतला शेवटचा मिळतो. म्हणून देवस्थळींना तीन दिसला. लताच्या कॉम्प्युटरने बिचारीला विचारलं, 'या नावाचा कागद आधीच आहे, बदलू का?' ती म्हणाली, येस."

रेणूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडते की हसते, कळेना. "मी वेडी नाही," ती म्हणाली. "काकू, मी वेडी नाही!"

"वेडी नाहीस. पण कुणीतरी हा दुसरा तक्ता आत घातलाय आणि तो कोण ते सांगता आलं नाही, तर उद्या म्हणतील, हाही रेणूचाच खेळ." सुहासिनीने लताची पाच मेलं छापून आणली होती. ती पडद्याशेजारी धरली. "आता वेळा बघू. झिपमध्ये प्रत्येक कागदाची वेळ लिहिलेली असते, ज्याने घातला त्याच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाची. आणि ही मेलं पाठवतो लॅबचा सर्व्हर. तो इथे मॉरिसव्हिलला बसलाय."

ती एकेक ओळ मेलशी ताडत गेली आणि मी कागदावर उतरवत गेलो. यंत्राचा पहिला तक्ता: झिपमध्ये गुरुवार अकरा वीस, मेलमध्ये अकरा वीस. तपासणीचा शेरा: दोन चौदा, दोन चौदा.

दुसरा तक्ता: झिपमध्ये गुरुवारी दुपारी चार बावन्न.

मेलमध्ये पाच बावन्न.

"एक तास कमी," मी म्हणालो.

"बरोब्बर एक तास. झिप भिंतीवरच्या घड्याळाची वेळ लिहून ठेवते. ती भिंत कुठल्या गावातली, ते लिहीत नाही." सुहासिनीने चष्मा काढला. "ज्याने हे केलं त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे होतं."

रेणू पुटपुटली, "शिकागोची वेळ एक तास मागे असते."

नेपरव्हिल शिकागोला लागूनच आहे. आणि नेपरव्हिलला इशिता होती.

४

इशिता व्हिडिओ कॉलवर लगेच आली. पस्तिशीची, कानात हेडफोन, मागे मुलाची ड्रम वाजवायची काठी भिंतीला टेकवलेली.

"सुहासिनीकाकू, रेणूचं ऐकून खूप वाईट वाटलं, खरंच. पण मी काय करू शकते?"

"गुरुवारी संध्याकाळी, आमच्या पावणेसहा-सहाच्या दरम्यान, तू काय करत होतीस?"

"तुमचे पावणेसहा म्हणजे आमचे पावणेपाच. कॉम्प्युटरवरच होते. काम करत होते. का?"

"लताच्या पाकिटात काही घातलंस?"

"गुरुवारी नाही. शुक्रवारी सकाळी पत्र घातलं. तुमच्या साडेदहाला." तिचा आवाज चढला. "काकू, तुम्ही माझ्यावर संशय घेताय का? ज्या रेणूला मी सहा महिने ट्रेनिंग दिलं, तिच्याविरुद्ध मी..."

"तुझ्या लॅपटॉपवर आत्ता किती वाजलेत?"

"तीन सात."

मी आमच्या ओव्हनवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन सात.

"अगं, तुझ्याकडे दोन वाजलेत," मी न राहवून म्हणालो.

"हो, पण लॅपटॉप मी कॅरोलायनाच्या वेळेवर ठेवलाय. तीन वर्षं झाली. पहिल्या महिन्यात दोन मीटिंग मिस केल्या, तेव्हापासून. यार, सगळं ऑफिस तुमच्या घड्याळावर चालतं."

कॉल संपल्यावर मी म्हणालो, "कुणीही असं म्हणेल. गुरुवारी वेगळं ठेवलं असेल."

"बरोबर. म्हणून तिच्या शब्दावर जायचं नाही." सुहासिनीने पाचवी ओळ दाखवली. इशिताचं पत्र: झिपमध्ये शुक्रवार दहा एकतीस, मेलमध्ये दहा एकतीस. "गुरुवारी पाच बावन्नला तिचं घड्याळ एक तास मागे असेल, तर शुक्रवारी सकाळी ते पुढे आलं कसं आणि का? तिला माहीतच नाही की घड्याळ कुणी बघतंय. नाही. इशिता नव्हे."

साडेपाचला परीक्षित कुलथे आला. हा मूळचा पुण्याचा. लॅबचे सगळे प्रोग्रॅम त्याचे. मुलगी आन्याला स्विमिंगला सोडून तसाच आला होता. त्याने पाच ओळी पाहिल्या आणि खाली बसला.

"शी! माझाच प्रोग्रॅम. नाव सांगून वाचतो. एकाच नावाचे दोन असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"पाकिटात कागद कोण घालू शकतं?"

"यंत्र आपलं आपण घालतं. त्याशिवाय तिघं. मी, इशिता आणि सर. त्यासाठी मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिलीये. फाइल द्या, ती पाकिटाच्या शेवटी घालते. केमिस्ट फक्त वाचू शकतात."

"म्हणजे रेणू नाही."

"रेणू शक्यच नाही." त्याने मान खाली घातली. "हे मी मीटिंगमध्येच बोलायला हवं होतं."

"आणि तू?"

परीक्षित ओशाळं हसला. "काकू, मी केलं असतं तर पहिला तक्ता आत राहू दिला असता का? पायथनने झिपमधला कागद बदलता येत नाही, फक्त भर घालता येते. बदलायचा तर अख्खं पाकीट नव्याने बांधावं लागतं. ज्याला हे ठाऊक नाही, तो त्याच नावाचा कागद घालतो, मग वाचून बघतो, नवा आकडा दिसतो. त्याला वाटतं, झालं काम."

"तुझ्या शेऱ्याच्या वेळाही जुळतात," सुहासिनी म्हणाली. "पण एक सांग. तक्ता पूर्ण असल्याचा शेरा तू दिलास. तेव्हा आकडा नाही पाहिलास?"

"ओळी मोजतो. आकडे केमिस्ट बघतात." मग म्हणाला, "मार्चमध्ये एका शाळेच्या पाण्यात आम्ही जास्त शिसं सांगितलं होतं. शाळा दोन दिवस बंद. नंतर कळलं, बाटलीच खराब होती. तेव्हापासून सर मोठा आकडा दिसला की घाबरतात. आणखी एक खोटा अलार्म झाला तर लायसन्स जाईल, असं त्यांना वाटतं."

तो गेल्यावर टेबलावर फक्त चौथी ओळ उरली होती. मी वाचली. देवस्थळींचं सहीपत्र: झिपमध्ये गुरुवार पाच तीन.

मेलमध्ये सहा तीन.

५

"पण ते इथेच असतात!" मी म्हणालो. "दहा मिनिटांवर घर आहे त्यांचं."

"गेल्या आठवड्यात नव्हते. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप बघत नाही का? शुगर लँडला होते, मुलाकडे, वेदकडे. नातवाचं बारसं."

ह्यूस्टनजवळचं शुगर लँड. तिथलं घड्याळही आपल्यामागे एक तास.

बुधवारी सकाळी आम्ही लॅबमध्ये गेलो. देवस्थळी उठून उभे राहिले. पंच्याहत्तरीचे, ताठ, इस्त्रीचा शर्ट. आमची ओळख पस्तीस वर्षांची. या देशात माझं पहिलं ड्रायव्हिंग लायसन्स त्यांच्या गाडीवर झालं.

"रेणूसाठी आला असाल," ते म्हणाले. "गुणी मुलगी आहे. पण पाण्याच्या धंद्यात भीती पसरवणं फार घातक, सुहासिनी. आकडा तीन आहे. मी स्वतः पाहिला."

"बारसं कसं झालं?" सुहासिनीने विचारलं.

ते खुलले. "उत्तम! गुरुवारी दुपारी. नाव नील ठेवलं."

"आणि त्या गडबडीतही तुम्ही काम केलंत. लताच्या पाकिटावर सही केलीत."

"ती करावीच लागते. लॅपटॉप बरोबर नेला होता. पाच मिनिटांचं काम."

"सहीचं पाच मिनिटांचं. त्याच्या अकरा मिनिटं आधी जे केलंत, ते किती मिनिटांचं होतं?"

तिने माझा कागद त्यांच्यासमोर ठेवला. पाच ओळी, दोन रकाने: झिपची वेळ, मेलची वेळ. तीन ओळींत दोन्ही वेळा सारख्या. दोन ओळींत एका तासाचा फरक.

"पाकिटात भर घालू शकणारे तिघं," ती शांतपणे म्हणाली. "परीक्षित इथे होता, त्याच्या वेळा जुळतात. इशिता नेपरव्हिलला असली तरी तिचं घड्याळ इथलं आहे, तिच्याही जुळतात. ज्या घड्याळाने तुमची सही झाली, त्याच घड्याळाने दुसरा तक्ता आत आला. लॅपटॉप ह्यूस्टनला उतरला आणि त्याने आपणहून तिथली वेळ लावली. तुमच्या लक्षात आलं नाही. आणि पहिला तक्ता गेलेला नाही, हेमचंद्र. तो आतच आहे. रेणूने तोच वाचला."

देवस्थळींनी कागदावरच्या पाचही ओळींवरून बोट फिरवलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"रेणूला, परीक्षितला, इशिताला. सगळ्यांना सांगूनच आले."

ते खुर्चीत बसले. "तो तीन मी मनाने लिहिला नाही," ते म्हणाले. "गेल्या वर्षीचा आकडा आहे. लताचा नळ तोच, पाइप तोच, पाणी तेच. एका वर्षात तिनाचे एकतीस होतात का? मला खात्री होती, पुन्हा बाटली खराब. मार्चसारखंच. आणखी एक खोटा अलार्म, की लॅब बंद. इथे अकरा माणसं आहेत. त्यातली सात व्हिसावर."

"त्या सातांतल्या एकीचा बळी दिलात."

"पाइप तोच नाही," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं.

"ऑगस्टमध्ये सिंकखालचा तुकडा बदललाय. घर साठच्या दशकातलं. भिंतीतले जोड शिशाचे. नवा तुकडा बसवताना प्लंबरने जुना पाइप हलवला असणार. जुने जोड हलले की त्यातले कण सुटतात, नळाच्या जाळीत येऊन अडकतात आणि पाण्यात उतरत राहतात. मी हे पाचपन्नास घरांत पाहिलंय. तुम्ही लताला एक फोन केला असता तर तिने सांगितलं असतं."

देवस्थळींचा चेहरा पांढराफटक पडला. आत्तापर्यंत ते पकडले गेलेल्या माणसासारखे दिसत होते. आता भ्यालेले दिसले.

"ऑगस्ट," ते म्हणाले. "म्हणजे सात आठवडे ती मुलं..."

त्यांनी फोन उचलला. कुणाला लावतायत हे पहिल्याच शब्दाला कळलं.

"लता, मी हेमचंद्र. नळ उघडला नाहीस ना? उघडू नकोस. आकडा एकतीस होता. रेणू खरं सांगत होती. तीन मी घातला. तो चुकून पडलेला नाही, मी घातला." पलीकडून लताचा आवाज आम्हालाही ऐकू आला, एकच प्रश्न: "मुलांचं काय?"

६

पुढचं भराभर झालं, कारण सुहासिनीने ते रेंगाळू दिलं नाही. दुपारपर्यंत रेणू कामावर परत आली. गुरुवारी पहाटे, पाळणाघर उघडायच्या आत, तिने लताच्या नळाचं पाणी पुन्हा घेतलं. या खेपेला बाटल्या दुसऱ्या लॅबकडे गेल्या, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको. आकडा आला एकोणतीस. प्लंबरने नळाची जाळी काढून तळहातावर उपडी केली, तर करड्या बारीक कणांचा चिमूटभर ढीग पडला. लता त्या ढिगाकडे बघत उभी राहिली आणि मग तिने कधी नव्हे ती शिवी दिली, चांगली कोल्हापुरी.

देवस्थळींनी राज्याच्या खात्याला स्वतः पत्र लिहिलं, काय केलं आणि का, दोन्ही. त्यांची सही करायची परवानगी गेली. लॅब मात्र राहिली. पाकिटातला पहिला तक्ता शाबूत होता आणि लॅबच्याच केमिस्टने वेळेवर फोन केला होता, म्हणून ती वाचली, असं तपासायला आलेल्या बाईने स्पष्ट लिहिलं. परीक्षितने त्याच आठवड्यात प्रोग्रॅम बदलला. आता एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या की तो थांबतो आणि ओरडतो.

चोवीस मुलांचं रक्त तपासलं. एकवीस जणांचं ठीक आलं. तिघांचं थोडं चढलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं, पाणी बंद झालं की उतरेल. नोव्हेंबरात पुन्हा तपासलं, तेव्हा तिघांचंही उतरलं होतं.

पण मला आठवतो तो बुधवार. लताला फोन झाल्यावर रेणू लॅबमध्ये आली, तेव्हा देवस्थळी तिच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. रेणूने मान वर केली नाही. तिने लताकडून आलेली पालकांची यादी समोर ठेवली होती. चोवीस घरं, प्रत्येकाला आजच फोन करायचा.

"अर्धी मला दे," ते म्हणाले.

"सर, ते विचारतील की आधी तीन कसं सांगितलं."

"म्हणूनच दे."

रेणूने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग यादी मधोमध फाडली आणि खालचा अर्धा भाग त्यांच्या हातात दिला. "पहिलं नाव अनुष्काच्या आईचं आहे," ती म्हणाली. "त्या चिडतील. फोन ठेवू नका."

देवस्थळी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि नंबर फिरवला. अनुष्काची आई चिडली. दूर उभ्या असलेल्या आम्हालाही ऐकू येत होतं. त्यांनी फोन ठेवला नाही. तिचं संपल्यावर रक्ताची तपासणी कुठे, किती वाजता, हे सावकाश दोनदा सांगितलं आणि पुढचा नंबर लावला.